लवणद्वारच्या एकशेआठ पायऱ्या

मंगळवार, ५ जानेवारी १९६०

आली! माझी गोष्ट आली! तीन छापील मासिकांनी ‘साभार परत’ केलेली माझी गोष्ट आज मी लालबागला टेबलावर पाहिली.

छापलेली नाही म्हणा. मी शिकवते त्या परळच्या शाळेतले हेरंबसर संध्याकाळी लालबागचं एक वाचनालय सांभाळतात. त्यांचं ‘दवंडी’ नावाचं हस्तलिखित मासिक निघतं. सगळं हाताने लिहिलेलं आणि प्रत एकच. ती महिनाभर टेबलावर असते, सुतळीने बांधलेली. गिरणीतली माणसं पाळी सुटली की येऊन वाचतात. आणि अक्षर! माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, तेही अप्पांच्या कचेरीतल्या जुन्या फुलस्केप कागदांच्या कोऱ्या पाठींवर. लवू परब नावाचा कोणी गिरणीत कापडाच्या गाठींवर ब्रशाने मार्का लिहितो, तो ‘दवंडी’ची पक्की प्रत करतो. माझी गोष्ट त्याच्या अक्षरात एखाद्या संस्थानिकाच्या सनदेसारखी दिसते. हेरंबसर म्हणाले, “आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. एकदा शाई सुकली की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.”

गोष्ट इथे लिहून ठेवते, म्हातारपणी वाचायला. समुद्रकाठी लवणद्वार, डोंगरावर अग्निकोट. सात वर्षं युद्ध. तहात अग्निकोटने आपला युवराज अरुणध्वज लवणद्वारच्या दरबारात ओलीस ठेवलाय. लवणद्वारची राणी शुभ्रा, वय तेवीस (माझंच, पण हे कुणाला सांगायचं नाही). तिच्या राजवाड्याला समुद्रातून वर चढणाऱ्या एकशेआठ पायऱ्या. शाप असा, की गादीवरून एक खोटं बोललं की एक पायरी पाण्याखाली जाते. प्रधानाला ओलीस मारायचाय. शुभ्राला तो आवडतो, पण कबूल केलं तर शत्रूला फितूर म्हणून गादी जाईल. म्हणून ती खोटं बोलत राहते आणि समुद्र चढत राहतो.

दुसऱ्या भागात युवराज मरतो आणि गोष्ट संपते. लिहून देऊनही टाकलाय.

घरी सांगितलं, यापुढे दर मंगळवारी मॅट्रिकच्या मुलींचे जादा तास आहेत. एक पायरी गेली!

मंगळवार, २ फेब्रुवारी

मला इतका राग आलाय की निब मोडेल.

मी लिहिलं होतं: प्रधानाने ढकललं आणि समुद्राने युवराजाला पोटात घेतलं. समाप्त. आज टेबलावर जाऊन पाहते तर त्यापुढे, त्याच सनदी अक्षरात: ‘पण डोंगरातला असला तरी त्याला पोहता येत होतं.’ आणि ‘समाप्त’च्या जागी ‘क्रमशः’!

हेरंबसर डोकं खाजवत म्हणाले, “शाई सुकली हो.” मी म्हटलं, तो परब कुठाय? तो मागेच उभा होता. उंच, सावळा, नखांत निळी शाई.

“बाई, रागावू नका हां,” तो म्हणाला. “हात आपोआप गेला.”

“हात आपोआप जायला गोष्ट म्हणजे काय बटाटेवडा आहे?”

सगळं वाचनालय हसलं. तो नाही हसला. मान खाली घालून म्हणाला, “पुढच्या महिन्यात मारा. मी लिहीन.” अशा माणसाला पोलिसांतच द्यायला हवं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

तो पोहून कुठे गेला असेल? रात्रीच्या ओहोटीत, पायरीला धरून? शुभ्राने त्याला वर ओढून घेतलं असेल तर? तिचे हात चिंब. दोघं बोलत नाहीत. बाप रे! चौदा पानं झाली. आईने दोनदा हाक मारली, मला ऐकूच आली नाही.

परबवरचा राग मात्र कायम आहे.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

आज काय पाहिलं! परबची आई गंगुबाई वाचनालयाच्या मागच्या चाळीत खाणावळ चालवते. तीस-पस्तीस एकटे गिरणी कामगार दोन्ही वेळा तिथे जेवतात. दर रविवारी दुपारी ‘दवंडी’ची सुतळी सोडून तिकडे नेतात आणि परब माझी गोष्ट मोठ्याने वाचतो. आणि आता तिथे पंगती दोन! भिंतीकडची लवणद्वारची, दाराकडची अग्निकोटची. कोण कुठे बसणार यावरून गेल्या रविवारी दोघांनी ताटं आपटली म्हणे. माझ्या गोष्टीवरून! मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

गंगुबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तूच काय गो ती गजाल लिवणारी? मी म्हटलंय कोण मोठी म्हातारी आसतली.” मग माझ्यापुढे सोलकढी ठेवली. “त्या पोरग्याक मारू नको हां. तो मेलो तर माझे अर्धे लोक जेवूचे नाय.”

परबचा मोठा भाऊ दौलत वाढायला असतो. एका पायाने लंगडतो पण भाताची परात घेऊन असा फिरतो की बघत राहावं. तो म्हणाला, “बाई, रविवारी या ना एकदा. बाहेरचीपण लोकं येतात. काळ्या टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ तर दोन रविवार झाले, चुकवत नाहीत.”

रविवारी कशी येणार? रविवारी घरात मी असायलाच हवी. आईची पाव्हणेमंडळी, आणि हल्ली त्या पाव्हण्यांतही एक खास पाव्हणे. त्यांच्याबद्दल नंतर.

रविवार, २१ फेब्रुवारी

खास पाव्हणे आले. मनमोहन. सॉलिसिटर, वाळकेश्वरला ब्लॉक, आमच्याच ज्ञातीतले, आईच्या मावशीच्या नात्यातले. वाईट काहीच नाही. दात छान आहेत. इंग्रजी चॉकलेटांचा डबा आणला. म्हणाले, “तुम्हाला वाचनाची आवड आहे असं ऐकलं. मी गोष्टीबिष्टी वाचत नाही. खोट्या माणसांचं कशाला मनाला लावून घ्यायचं?”

मी म्हटलं, “खरं आहे.” आणि मनात एक पायरी बुडल्याचा आवाज आला, डुबुक!

आई हरखलीय. अप्पा नेमके घरात नव्हते. हल्ली रविवारी सकाळी दादरला अच्युतरावांकडे पत्ते खेळायला जातात ते तीनला येतात. आले तर सदऱ्यावर कोकमाचा लाल डाग. आईने विचारलं, “अच्युतरावांकडे आमसुलाची कढी कधीपासून व्हायला लागली?” अप्पा म्हणाले, “नवी स्वयंपाकीण आहे.” आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

मंगळवार, १ मार्च

विषाचा पेला दिला होता मी या भागात. चांदीचा, केशर घातलेला, प्रधानाच्या हातून. युवराज हसत पितो. मी लिहिताना रडले होते. आणि पक्क्या प्रतीत काय? ‘पेला त्याने खिडकीतल्या तुळशीत ओतला. तुळस वाळली, तो नाही. क्रमशः.’

या वेळी राग यायला थोडा वेळ लागला. आधी ‘हुश्श’ झालं, मग राग.

तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. मी भांडतच होते. तो म्हणाला, “बाई, एक विचारू? एवढ्या पायऱ्या बुडवण्यापेक्षा राणीने खरं सांगून टाकलं तर?”

“गादी जाईल तिची.”

“जाऊ दे की. माणूस तर राहील.”

“मग गोष्टच संपेल.”

“संपू दे ना,” तो म्हणाला. “लोकं जेवायला बसलीयेत.”

तीन बसगाड्या सोडल्या आम्ही. वाद पुरा व्हायला नको का? घरी म्हटलं, एक मुलगी भूमितीत अडली होती.

शनिवार, ५ मार्च

अप्पांनी चहा पिताना एकदम विचारलं, “बेबी, ओलीस ठेवलेल्या माणसाला विष कोण घालतं गं? प्रधान की आचारी?” निवृत्त झाल्यापासून काय काय वाचत असतात कोण जाणे. मी म्हटलं, “प्रधान.” ते म्हणाले, “वाटलंच,” आणि पेपर उघडला.

पेपरात रोज तेच. राज्य होणार, मुंबईसकट होणार. शाळेत, बसमध्ये, सगळीकडे माणसं उगाचच एकमेकांकडे बघून हसतात. अप्पांचं मात्र तिरकं: “आमच्या सात पिढ्या इथल्या. आमचीच मुंबई आम्हाला मिळणार म्हणे.” पण पेपर कापून ठेवतात, मी पाहिलंय.

मंगळवार, ५ एप्रिल

बाण मारला तर खांद्याला लागला. ‘वैद्य म्हणाला, वाचेल.’ लवूने ते ‘वाचेल’ इतकं सुंदर काढलंय की ती मात्रा बघत मी कितीतरी वेळ उभी होते.

पण आता पुरे. मेचा अंक एक तारखेला, राज्य होईल त्याच दिवशी, आणि हेरंबसरांना त्यात गोष्ट संपवून हवीय. मी लवूला समजावून सांगितलं. म्हटलं, बघा, दोन राज्यं एक व्हायची तर मोठं काहीतरी द्यावं लागतं. युवराज स्वतः वधस्तंभाकडे चालत जाणार, त्याच्या रक्ताने शाप सुटणार, समुद्र ओसरणार. कुणीतरी मरावंच लागतं, त्याशिवाय एवढं मोठं काही मिळत नाही.

तो ब्रश धूत होता. पाणी निळं झालं तरी धूतच राहिला. मग म्हणाला, “मरायचे ते मरून झाले, बाई.”

मला त्याचा अर्थच कळला नाही. बसस्टॉपवर आला तो बसचीच वाट बघत राहिला. पहिलीच बस मिळाली. इतक्या लवकर घरी पोचून करायचं काय?

मंगळवार, १९ एप्रिल

ठरलं. मनमोहनकडची मंडळी एक मेला, रविवारी संध्याकाळी पाचला होकार घ्यायला येणार. आई म्हणाली, “बेबी, नाही म्हणण्यासारखं काही आहे का?” मी म्हटलं, “काही नाही.” किती पायऱ्या उरल्या ते मोजायचं मी सोडून दिलंय.

शेवटचा भाग एका बैठकीत लिहिला. युवराजाला मारला. वाईट वाटलं नाही. उलट मोकळं मोकळं वाटलं, एकदाचा सुटला आणि मीही सुटले. मग अंघोळीला गेले आणि पाण्याचा तांब्या डोक्यावर धरून हमसून हमसून रडले. शेवट चांगला झाला की लेखकाला असंच होत असणार.

परीक्षा संपल्यात. घरी सांगितलं, आता पेपर तपासायला जाते. लवूला कागद दिले. त्याने न वाचता खिशात ठेवले.

मंगळवार, २६ एप्रिल

हे लिहायलाच हवं, कितीही लाज वाटली तरी.

वाचनालयात लवू नव्हता, म्हणून खाणावळीत गेले. गंगुबाई एकट्याच मासे साफ करत होत्या. मी विचारलं, लवूने शेवटचा भाग उतरवला का? त्या म्हणाल्या, “तो लिवणा नाय. दोन रोज कागद घेवन बसलोसा.” मी म्हटलं, अहो, गोष्टच आहे, त्यात एवढं काय? त्यांनी विळी बाजूला सारली. मग हात धुतले आणि मला पाण्याच्या पिंपामागे नेलं.

तिथे भिंतीला टेकून एक फळा होता. गोणपाट बाजूला केलं त्यांनी. पांढऱ्या रंगात नावं, ओळीखाली ओळ, तेच अक्षर. जानेवारी छप्पन. गोळीबाराच्या दिवसांत रोज कुणीतरी नावं घेऊन यायचं आणि लवू ती चाळीच्या तोंडाशी या फळ्यावर लिहायचा, कारण अक्षर त्याचंच चांगलं. वीस वर्षांचा होता. त्यातली किती जणं त्याच्या ओळखीची.

खालून तिसरी ओळ कोरी होती. वर आणि खाली खडूने रेघा आखलेल्या, मध्ये काही नाही.

“दौलताक गोळी लागली तेवा तो नऊ दिस इस्पितळात बेशुद्ध होतो,” त्या म्हणाल्या. “डाक्टर म्हणालो, आशा नाय. लवून भावासाठी ही ओळ आखून ठेवल्यान. माका दिसली. मी कायच बोलूक नाय. धाव्या दिसाक दौलत उठलो, पेज मागितल्यान. तेवापासून लवू मरणाचा काय एक लिवणा नाय. गिरणीत कोण गेलो तरी बोर्ड दुसरो लिवता.”

मी त्याला सांगितलं होतं, कुणीतरी मरावंच लागतं. मी. गिरगावात बसून, चौथ्या मजल्यावरून. त्याला!

गंगुबाईंनी गोणपाट परत टाकलं. “तू रडा नको. तुका काय म्हायत? जेवन जा.” जेवले. बांगडा होता. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि तरी मी दोनदा भात घेतला.

शुक्रवार, २९ एप्रिल

लवू शाळेच्या फाटकाशी उभा होता. ‘दवंडी’ कापडात गुंडाळून आणलेली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, “राहू द्या.” मग अंक दाखवला. सगळा भाग उतरवलाय, एक अक्षर न बदलता. युवराज चालत जातो, दरबार स्तब्ध, पाणी शेवटच्या पायरीवर. मग तो मरतो त्या वाक्याच्या जागी एक ओळ. वर-खाली पेन्सिलीने रेघा आखलेल्या. कोरी.

“ही तुम्ही लिहा,” तो म्हणाला. “जे काय लिहायचं ते. मी बदलणार नाही. रविवारी बारा वाजता वाचन आहे.”

“माझं अक्षर घाण आहे.”

“मला वाचता येतं,” तो म्हणाला. “चार महिने तेच तर वाचतोय.”

काहीतरी धडधडतंय मघापासून. आज चहा जास्त झाला बहुतेक.

रविवार, १ मे १९६०

दुपारी चार वाजलेत. पाचला मंडळी येतील. भराभर लिहिते.

सकाळी रस्ताभर तोरणं, लेझीम, अनोळखी माणसं तोंडात पेढे कोंबत होती. माझ्या केसांत गुलाल, पदरावर गुलाल. अप्पा नेहमीसारखे दादरला गेले. आईला म्हटलं, मिरवणूक बघून येते. तसं ते खरंच होतं, पण वाटेतलं.

खाणावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही पंगती बसलेल्या, भात वाढलेला, कुणी जेवायला सुरुवात केली नव्हती. हेरंबसर दारात घामाघूम. लवूने वाचायला घेतलं. त्याला वाचताना मी आज पहिल्यांदा ऐकलं. माझीच वाक्यं, पण त्याच्या आवाजात माझ्या अंगावर काटा आला. शुभ्रा गादीवर, युवराज शेवटच्या पायरीवर, पाणी त्याच्या घोट्याला. मग तो थांबला. अंक माझ्यापुढे ठेवला, दौत ठेवली, टाक दिला.

पस्तीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी टाक घेतला, वर पाहिलं आणि माझा हात तसाच राहिला.

अग्निकोटच्या पंगतीत, शेवटच्या पाटावर, काळी टोपी घालून माझे अप्पा बसले होते. पुढ्यात बांगडा, वाटीत सोलकढी.

टोपीवाले म्हातारे! कोकमाचा डाग! प्रधान की आचारी! मी किती बावळट आहे, देवा.

मला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. लवूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कचेरीत हाताखालच्या कारकुनाला सांगायचे त्या आवाजात म्हणाले, “लिही, बेबी. भात निवतोय.”

मी लिहिलं. रेघ सोडून वर गेलं अक्षर, एक डागही पडला. लवूने अंक उचलला. मनातल्या मनात वाचलं, मग पुन्हा पहिल्या शब्दापासून. दौलत परात खाली ठेवून लंगडत आला, त्याच्या खांद्यावरून वाकून त्याने वाचलं:

“राणी गादीवरून उठली आणि भर दरबारात म्हणाली, हा मरणार नाही, कारण हा मला हवा आहे.”

असा आरडाओरडा झाला की गंगुबाई ‘भांडी पडतली रे!’ म्हणून ओरडल्या. लवणद्वारवाले अग्निकोटवाल्यांच्या गळ्यात पडले, कुणाचं ताट कुणाचं कळेना. लवू जागचा हलला नाही. मला म्हणाला, “ओसरला का समुद्र?” मी म्हटलं, “अजून घरच्या पायऱ्या आहेत.” त्याने मान डोलावली. त्याला सगळं कळलं, आणि मलाही आत्ता कुठे. चार महिने मी एका माणसाला मारत होते, कारण तो मला हवा होता.

बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले. काळबादेवीपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत होते. मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळलं?”

“माझ्याच कचेरीच्या कागदांच्या पाठीवर लिहितेस आणि मला कळणार नाही? स्वयंपाकघरात एक पान पडलं होतं. पुढचं कळेना म्हणून हेरंबांना गाठलं.”

“मग बोलला का नाहीत? मनमोहनला येऊ कसं दिलंत?”

“तू काय करतेस ते बघत होतो. दर महिन्याला पोराला मारायचीस आणि तो दर महिन्याला वाचायचा. मला त्याची काळजी वाटायला लागली होती.” मग टोपी काढून मांडीवर ठेवली. “अच्युतरावांचं नाव सांगून माझ्याही चौदा पायऱ्या बुडाल्यात. तुझ्या-माझ्या एकत्र मोजायच्या का वेगळ्या?”

मला हसू यायला लागलं ते थांबेना. अप्पाही हसले. मग गंभीर झाले. “सोपं नाही बेबी हे. ज्ञात आहे, तुझी आई आहे. मनमोहनच्या वडिलांना मी सांगेन. आईला मात्र तू सांगायचंस. गादीवरून.”

आता आई चहाचं आधण ठेवतेय. आतून कपबशांचा आवाज येतोय, चांगल्या सेटच्या. माझ्या बोटांना शाई आहे, निळी, नखांत गेलेली, साबणाने निघत नाही. तिला ती दिसणारच.

जाते. सांगते.